अलिबाग पायी फिरायचंय? मग आधी ओहोटीची वेळ बघा

मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या ठिकाणांमध्ये अलिबागचं नाव कायम असतं. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात मांडवा आणि तिथून बसने अलिबाग. शहर छोटं आहे. एसटी स्टँडपासून समुद्रकिनारा पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे रिक्षा न करताही बरंच काही पाहून होतं.

अडचण एकच. इथलं मुख्य आकर्षण असलेला कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरती आली की वाट पाण्याखाली जाते. वेळेचं भान न राहिल्याने पर्यटक किल्ल्यात अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून दिवसाचा बेत ओहोटी पाहूनच आखावा.

ओहोटी कधी असते?

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. दोन्हींमध्ये सुमारे सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि ही वेळ रोज जवळपास पाऊण तास पुढे सरकते. म्हणून कोकणात सोपा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी.

कोणता दिवस निवडावा?

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी असते, पण ती भांगाची. तेव्हा पाणी पुरतं हटत नाही. त्यामुळे पंचमी-षष्ठी (ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास) किंवा दशमी-एकादशी (दुपारी दोनच्या सुमारास) हे दिवस सोयीचे. हा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा आणि किनाऱ्यावर स्थानिकांना विचारा.

किल्ल्यात किती वेळ थांबावं?

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पूर्ण ओहोटी झाली की परत फिरा. चालायला साधारण वीस मिनिटं लागतात. खडकांवरच्या कालवांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे अनवाणी जाऊ नका. भिजले तरी चालतील असे, घट्ट बसणारे सँडल घाला. चालायचं नसेल तर ओहोटीला घोडागाडी मिळते.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या काळात, १६८० मध्ये सुरू झालं. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं बनला. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असूनही इथल्या विहिरीचं पाणी गोडं आहे.

पाणी ओसरेपर्यंत काय पाहाल?

शहरात १७२९ मध्ये निधन झालेल्या सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. काळ्या दगडांचा हिराकोट बाहेरूनच पाहावा लागतो, कारण तिथे तुरुंग आहे. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून हे काम अलिबागला आणलं गेलं.

पावसाळ्यात जावं का?

शहर फिरायला हरकत नाही, पण किल्ल्याकडे चालत जाऊ नये. समुद्र खवळलेला असतो आणि ओहोटीचा अंदाज चुकू शकतो. गेटवे-मांडवा लाँचही या काळात बंद असतात.

परतताना पाणी चढलेलं दिसलं तर वाट तुडवत निघू नका. किल्ल्यातच थांबा, होडी मिळते का पाहा किंवा पुढच्या ओहोटीची वाट बघा. शेवटची लाँच चुकली तरी मुंबईला जायला रस्ता आहे.