रिठ्याचा फेस आणि सूक्ष्म बुडबुडे

दोडामार्गसह कोकणात केस व रेशमी वस्त्रे धुण्यासाठी आणि सोन्याचे दागिने उजळण्यासाठी रिठा पूर्वापार वापरला जातो. रिठ्याच्या सालीत ‘सॅपोनिन’ ही द्रव्ये विपुल असतात. सॅपोनिनच्या रेणूचा शर्करायुक्त भाग पाण्याकडे ओढला जातो, तर उरलेला भाग पाण्यापासून दूर राहू पाहतो. त्यामुळे हे रेणू पाणी व हवा यांच्या सीमेवर दाटीने जमतात, पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि फेस टिकतो.

बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या आतील दाब अधिक. शुद्ध पाण्यातील २ मायक्रोमीटर व्यासाच्या बुडबुड्यात भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे १.४ वातावरण इतका जादा दाब असतो. परिणामी आतील हवा झपाट्याने पाण्यात विरघळते. सॅपोनिनसारख्या द्रव्याचे आवरण मिळाल्यास हा दाब घटतो व बुडबुडा अधिक काळ टिकतो.

अशा द्रव्याचे द्रावण अतिवेगाने घुसळून साधारण १० ते १०० मायक्रोमीटरचे बुडबुडे तयार करण्याच्या पद्धतीचा पाया फेलिक्स सेबा यांनी १९७१ मध्ये घातला. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतीय रिठ्याच्या अर्कापासून असे बुडबुडे बनवून हेक्झाक्लोरोबेंझीनने दूषित झालेली माती धुण्यासाठी वापरले.

वैद्यकातही सूक्ष्म बुडबुड्यांना मोठे स्थान आहे. रक्तातील बुडबुडे ध्वनिलहरी ठळकपणे परावर्तित करतात, याची नोंद रेमंड ग्रामियाक व प्रवीण शाह यांनी १९६८ मध्ये केली. पुढे सोनोग्राफीतील चित्र स्पष्ट दिसावे म्हणून रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा मेदद्रव्ये यांचे कवच असलेले बुडबुडे प्रचारात आले. ते तांबड्या पेशींहून लहान किंवा तेवढेच असल्याने केशवाहिन्यांतून सहज जातात.

रिठ्याचा अर्क मात्र या कामी निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो. सॅपोनिन तांबड्या पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलशी बांधले जाते व पेशी फुटतात. माशांच्या कल्ल्यांनाही त्याची बाधा होते. गोव्यात शापोरा नावाने वाहणाऱ्या तिलारीच्या खोऱ्यात म्हणूनच रिठ्याचे दाट पाणी ओहोळात न सोडणे इष्ट. नैसर्गिक द्रव्य सर्वत्र निरुपद्रवी असतेच असे नाही. त्याची योग्यता वापराच्या जागेवर व प्रमाणावर ठरते.