टीव्हीवरची शीला आणि पुस्तकातली शीला

मागच्या वर्षी आमच्या एका गटातली बाई लागोपाठ पाच बैठकांना आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही दर बैठकीला दहा रुपये दंड लिहीत गेलो. घरी जाऊन विचारलं तर सासू म्हणाली, "काही झालं नाही तिला, नुसती पडून असते." आम्हीही तेच धरून चाललो. आजची गोष्ट दूरच्या स्कॉटलंडमधल्या एका गायिकेची आहे, पण ती वाचताना आम्हाला तो दंड आठवत राहिला.

तिचं नाव शीला वॉल्श. जन्म १९५६चा, एअर नावाच्या समुद्रकाठच्या गावातला. घर ख्रिस्ती आणि धार्मिक. शीला लहान असतानाच वडिलांना मेंदूचा आजार झाला. जीव वाचला, पण माणूस पार बदलला. ज्या लेकीचे लाड करायचे, तिच्यावरच रागाने धावून जाऊ लागले. शेवटी त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, आणि ऐन तिशीत नदीत बुडून त्यांचा अंत झाला. आईने एकटीने तिन्ही मुलं वाढवली. वडिलांचा विषय मात्र घरात निघेनासा झाला. आपल्याकडेही असंच असतं ना? शीलाच्या मनात भीती घर करून बसली, की एक दिवस आपलीही हीच गत होणार.

पुढे ती लंडनला बायबलच्या शिक्षणासाठी गेली आणि गाऊ लागली. चर्चचं गाणं म्हटलं की आपल्याला संथ सूर आठवतो. शीला देवाची गाणी गायची ती तरुण पोरांना आवडतील अशा पॉप चालीत, गिटार-ड्रमच्या तालावर. क्लिफ रिचर्ड या तिकडच्या नामांकित गायकाबरोबर तिने युगुलगीत गायलं. (हे क्लिफ जन्माने आपल्या लखनौचे बरं का!) बीबीसीवर कार्यक्रम केला. मग ती अमेरिकेत गेली आणि १९८७पासून '७०० क्लब' या मोठ्या धार्मिक टीव्ही कार्यक्रमात पॅट रॉबर्टसन यांच्यासोबत निवेदन करू लागली. लोकांची दुःखं ऐकायची, त्यांना धीर द्यायचा, हे तिचं रोजचं काम.

आतून मात्र ती खचत चालली होती. १९९२ साली एक दिवस असा उजाडला, की सकाळी ती छान कपडे घालून कॅमेऱ्यासमोर होती आणि रात्री वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात, कुलूपबंद वॉर्डात. वडील जिथे संपले तशाच जागी आपण आलो, असं तिला वाटलं. डॉक्टरांनी निदान केलं, तीव्र नैराश्य. हे लोकांना कळलं तर तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं सांगणारेही भेटले. पण महिनाभराच्या उपचारांनी फरक पडला. टीव्हीवरच्या त्या खुर्चीत ती परत गेली नाही. कॅलिफोर्नियात जाऊन पुन्हा शिकू लागली.

आणि १९९६ साली तिने पुस्तक लिहिलं, 'ऑनेस्टली'. आपल्या भाषेत म्हणायचं तर 'खरं सांगायचं तर'. वडील, रुग्णालय, भीती, सगळं त्यात आलं. देवावर एवढी श्रद्धा असलेली बाई मनाने आजारी कशी पडली, हा प्रश्न लोक विचारणारच होते. तिने तो स्वतःच मांडला. नंतर अमेरिकेत हजारो बायकांच्या मेळाव्यांतून ती वर्षानुवर्षं हेच बोलत राहिली. पुस्तकंही लिहीत राहिली, लहान मुलींसाठी गीगी नावाच्या खट्याळ राजकन्येच्या गोष्टीसुद्धा. आपण प्रार्थना करतो आणि गोळीही घेतो, हे ती उघड सांगते. आम्हाला तिच्या गाण्यांपेक्षा हे जास्त मोलाचं वाटलं. बीपीची गोळी आपण चारचौघींत घेतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र धान्याच्या डब्यामागे लपवतो.

आमच्या त्या मैत्रिणीकडे आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सासूला बाहेर ओट्यावर बसवलं आणि तिच्याजवळ नुसतं बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, पोराला जवळ घ्यावंसं वाटत नाही." तिथूनच १४४१६ लावला. हा सरकारचा टेलिमानस नंबर, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंतर दोघी जणी तिच्यासोबत जिल्हा रुग्णालयात गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांनी ती बैठकीला आली. त्या दिवशी पहिला ठराव तिच्या पन्नास रुपये दंडाचा घेतला आणि रजिस्टरमधली ती नोंद सगळ्यांसमोर खोडली.