१६७ भाषांचा मोहल्ला आणि भाडेकराराची भीती: ‘इन जॅक्सन हाइट्स’ ही डॉक्युमेंटरी नेमकं काय दाखवते?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रुझवेल्ट अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. या रस्त्यावर लोखंडी पूल आहे आणि पुलावरून ७ नंबरची ट्रेन धडधडत जाते. पुलाखाली सलून, बेकऱ्या, मोबाइलची दुकानं, कपड्यांचे छोटे गाळे. पाट्या कुठे स्पॅनिशमध्ये, कुठे बंगालीत. थोडं पुढे ७४ व्या रस्त्यावर वळलं की साड्या, सोनं आणि मिठाई.

हा जॅक्सन हाइट्सचा मोहल्ला. इथे १६७ भाषा बोलल्या जातात, असं सांगितलं जातं. २०१४ च्या उन्हाळ्यात इथल्या अनेक दुकानदारांना एकच चिंता होती. भाडेकरार संपला की पुढे काय?

त्याच उन्हाळ्यात फ्रेडरिक वाइजमन नावाचे ८४ वर्षांचे दिग्दर्शक छोटी टीम घेऊन या रस्त्यांवर फिरत होते. त्यातून तयार झालेली ‘इन जॅक्सन हाइट्स’ ही ३ तास १० मिनिटांची डॉक्युमेंटरी २०१५ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. बदलत्या शहरांवरच्या माहितीपटांची चर्चा निघाली की तिचं नाव हमखास येतं.

आधी समजून घेऊ, जेंट्रिफिकेशन म्हणजे काय?

कमी भाड्याच्या, साध्या वस्तीत जास्त पैसेवाले लोक राहायला येतात. मग जागांचे भाव चढतात, दुकानं बदलतात आणि जुन्या रहिवाशांना तिथे राहणं परवडेनासं होतं. याला जेंट्रिफिकेशन म्हणतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रुथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधल्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. ‘जेंट्री’ म्हणजे तिथला खानदानी, सुखवस्तू वर्ग.

यात बुलडोझर लागतोच असं नाही. अनेकदा नव्या भाड्याचा आकडा पुरेसा असतो.

जॅक्सन हाइट्स आधी कसं होतं?

हा मोहल्ला सुरुवातीला अजिबात बहुरंगी नव्हता. १९१० च्या दशकात क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने तो आखून बांधला. मधोमध बाग आणि भोवती इमारती, अशी रचना होती. पण घरं गोऱ्या मध्यमवर्गीयांसाठी होती. ज्यू आणि कृष्णवर्णीयांना तिथे घर नाकारलं जाई.

चित्र पालटलं १९६५ च्या कायद्यानंतर. अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत रद्द केली आणि आशिया व लॅटिन अमेरिकेतून लोक येऊ लागले. १९७० च्या दशकात ७४ व्या रस्त्यावर भारतीय दुकानं उघडू लागली. भारतात जाताना सोबत न्यायला २२० व्होल्टवर चालणारी उपकरणं इथे मिळायची. मग किराणा, साड्या, दागिने आले. पुढे कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, बांगलादेश, नेपाळ आणि तिबेटमधली माणसं याच रस्त्यांवर स्थिरावली.

पण इथून ट्रेनने अर्ध्या तासात मॅनहॅटन गाठता येतं. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनची भाडी हाताबाहेर गेल्यावर नव्या भाडेकरूंची आणि मोठ्या ब्रँड्सची नजर इकडे वळली.

वाइजमन यांची पद्धत वेगळी का मानतात?

वाइजमन मूळचे बोस्टनचे. येल विद्यापीठातून कायदा शिकलेले. मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेवरची त्यांची ‘टिटिकट फॉलीज’ ही १९६७ ची डॉक्युमेंटरी मॅसॅच्युसेट्समध्ये १९९१ पर्यंत सामान्य प्रेक्षकांना दाखवायला बंदी होती. २०१६ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाला.

त्यांच्या फिल्ममध्ये निवेदकाचा आवाज नसतो. कॅमेऱ्यासमोर बसवून घेतलेल्या मुलाखती नसतात. पार्श्वसंगीत नसतं. बोलणाऱ्याचं नाव सांगणारी पट्टीही नसते. ध्वनिमुद्रण आणि संकलन ते स्वतः करत. ‘इन जॅक्सन हाइट्स’चा कॅमेरा जॉन डेव्ही यांचा आहे.

‘स्वतंत्र’ डॉक्युमेंटरी म्हणजे काय, हेही इथे कळतं. मागे मोठा स्टुडिओ नसतो. निधी सार्वजनिक वाहिनी, संस्था आणि अनुदानांतून जमवावा लागतो. वाइजमन यांनी १९७१ मध्ये झिपोरा फिल्म्स ही स्वतःची वितरण कंपनी काढली. त्यामुळे फिल्म किती लांब असावी आणि त्यात काय राहावं, हा निर्णय त्यांच्या हातात राहिला.

फिल्ममध्ये दिसतं काय?

दिसतात त्या मुख्यतः बैठका, वर्ग आणि दुकानं. टॅक्सी चालवण्याच्या परीक्षेची तयारी करणारे दक्षिण आशियाई विद्यार्थी. हलाल पद्धतीने कोंबड्या कापणारं दुकान. नागरिकत्वाच्या मुलाखतीत काय उत्तर द्यायचं याची तालीम. नगरसेवकाच्या कार्यालयात सतत वाजणारे फोन. ज्यू सेंटरच्या इमारतीत भरणारी ज्येष्ठ समलैंगिकांची बैठक. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये कोलंबियासाठी रस्त्यावर उतरलेली गर्दी.

या सगळ्यातून एक धागा पुन्हा पुन्हा वर येतो, तो दुकानदारांचा. ‘मेक द रोड न्यूयॉर्क’ या संघटनेच्या बैठकांमध्ये स्थलांतरित एकत्र येतात. काही तरुण कार्यकर्ते दुकानदारांना भेटून स्पॅनिशमध्ये समजावतात की ‘बिड’ नावाची योजना येतेय आणि तिचा फटका तुम्हाला बसू शकतो.

हे ‘बिड’ काय प्रकरण आहे?

‘बिड’ म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. सोप्या भाषेत, बाजारपेठेच्या ‘सुधारणे’साठी आखलेला पट्टा. त्या पट्ट्यातले जागामालक नेहमीच्या करावर जादा आकार भरतात. त्या पैशातून साफसफाई, सुरक्षा, दिवे आणि जाहिरात होते.

ऐकायला छानच आहे. मग विरोध कशाला?

अडचण भाडेकरूंची आहे. जादा आकार मालकाच्या नावावर असला, तरी तो भाड्यात मिळवून दुकानदाराकडून वसूल करता येतो. न्यूयॉर्कमध्ये ‘बिड’च्या संचालक मंडळावर बहुमत मात्र जागामालकांचं असतं. पैसे एकाच्या खिशातून आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, असा हा मामला.

त्यात आणखी एक मुद्दा. न्यूयॉर्कमध्ये अनेक राहत्या घरांच्या भाडेवाढीवर नियंत्रण आहे, पण दुकानांच्या भाड्यावर नाही. आपल्याकडे पागडीच्या जुन्या दुकानाला भाडे नियंत्रण कायद्याचा आधार असतो. तिथल्या गाळेधारकाला तसा आधार नाही. वीस वर्षं दुकान चालवलं असलं, तरी करार संपला की मालक नवा आकडा सांगू शकतो.

फिल्ममध्ये हा धोका आरडाओरड करून येत नाही. कुणी खलनायक नाही. खुर्च्यांवर बसलेली, दिवसभर काम करून दमलेली माणसं कायद्याची भाषा समजून घेताना दिसतात. हे प्रसंग लांब आहेत आणि काहींना कंटाळवाणेही वाटतील. पण वस्त्या बदलतात त्या अशाच, बैठका आणि कागदांतून. जो त्या बैठकीला पोहोचत नाही किंवा ज्याला तिथली भाषा येत नाही, त्याला निर्णय झाल्यावरच कळतं.

याच विषयावर आणखी कोणत्या फिल्म्स आहेत?

वाइजमन बाहेरून आले, बघितलं आणि निघून गेले, असा आक्षेप घेता येतो. इतर दिग्दर्शकांनी वेगळे रस्ते निवडले.

केली अँडरसन यांची ‘माय ब्रुकलिन’ (२०१२) स्वतःपासून सुरू होते. त्या १९८८ मध्ये ब्रुकलिनला राहायला आल्या. वस्ती महाग करणाऱ्यांमध्ये आपणही आहोत, हे त्या फिल्ममध्ये कबूल करतात. मग कॅमेरा वळतो फुल्टन मॉल या बाजारपेठेकडे. तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि कॅरेबियन ग्राहक येत आणि धंदाही जोरात चालत होता. २००४ मध्ये त्या परिसराचे बांधकामाचे नियम बदलले आणि उंच इमारतींचा मार्ग मोकळा झाला. या फिल्मचा मुद्दा थेट आहे. जेंट्रिफिकेशन आपोआप होत नाही, ते धोरणातून घडवलं जातं.

लिंडा गूड ब्रायंट आणि लॉरा पॉइट्रस यांची ‘फ्लॅग वॉर्स’ (२००३) ओहायोतल्या कोलंबस शहरातली. कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत गोरे समलैंगिक लोक घरं विकत घेऊ लागतात. इथे दोन्ही बाजूंनी भेदभाव सोसलेला आहे, त्यामुळे बाजू घेणं अवघड होतं. घरांच्या देखभालीच्या नियमांवरून झालेल्या तक्रारी कोर्टापर्यंत जातात. पॉइट्रस यांना पुढे ‘सिटिझनफोर’साठी ऑस्कर मिळाला.

मराठी प्रेक्षकाला हे ओळखीचं का वाटेल?

मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरची माणसं होती, तेलुगू पद्मशाली होते, उत्तर भारतातून आलेले मुस्लिम विणकर होते. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तिथे मॉल, ऑफिसं आणि टॉवर आले.

या भागावर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ मध्ये ‘साचा’ ही डॉक्युमेंटरी केली. साचा म्हणजे गिरणी कामगारांच्या बोलीत माग. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या सोबतीने ही फिल्म गिरणगावात फिरते. तिथे कामगारांचा रोजगार आधी गेला आणि वस्ती नंतर बदलली. जॅक्सन हाइट्समध्ये धंदा चालू असतानाच जागा सुटण्याची भीती आहे. कारणं वेगळी, पण जमिनीचा भाव माणसाच्या कमाईपेक्षा पुढे गेला की काय होतं, ते दोन्हीकडे दिसतं.

मग अशा फिल्म्सचा उपयोग काय?

डॉक्युमेंटरी भाडं कमी करत नाही. ‘इन जॅक्सन हाइट्स’ संपताना त्या दुकानदारांचं पुढे काय झालं, हेसुद्धा सांगत नाही. शेवटी कसलीही माहितीची पाटी येत नाही.

पण दुकान हटलं की पाटी उतरते आणि वर्षभरात तिथे आधी काय होतं हे विसरलं जातं. सरकारी कागदात मालकाचं नाव उरतं, भाडेकरूचं उरतंच असं नाही. या फिल्ममध्ये ती माणसं आपापल्या भाषेत बोलताना, प्रश्न विचारताना आणि एकमेकांना नियम समजावताना दिसतात. २०१४ च्या त्या उन्हाळ्यात ती तिथे होती आणि काय होऊ घातलंय हे त्यांना कळलं होतं, याची नोंद राहिली आहे.