भाराभर चिंध्या

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" आमची आत्या मला म्हणते. सकाळी शहापूरला शाळा, संध्याकाळी पेटीचे क्लास, रविवारी मुरबाडला लोकांच्या विम्याचे-एसआयपीचे हिशोब. तिचं काय चुकलं म्हणा!

पण दर २ जानेवारीला सिद्धगड आठवतो. मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या जंगलात १९४३ साली भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणारे भाई सगळ्यांना माहीत असतात. त्याआधीचे फारसे नाहीत. १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्म, शिक्षणाने वकील. त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या. घरातलं भात संपलं की शेतकऱ्याला सावकाराचं दार धरावं लागे, म्हणून धान्यकोठ्याही उभ्या केल्या.

वरवर तीन वेगळी कामं. पण अक्षर न येणाऱ्याचाच अंगठा सावकाराच्या कागदावर उठतो, हे कळलं की तिन्ही एकच.

माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. पण गेल्या रविवारी एका पालकाने फॉर्म न वाचताच सहीला पेन उचललं, तेव्हा मी तो त्याच्या मुलीपुढे सरकवला. माझीच विद्यार्थिनी. तिने बापाला मोठ्याने वाचून दाखवला.

यात पेटी कुठे बसते, ते अजून कळलेलं नाही. असो. आत्या, चिंध्यांचीच गोधडी होते ना?