शितावरून भाताची परीक्षा: उपग्रह, माती आणि रत्नागिरीचा सडा

एसटीत बसलात आणि इअरफोन घरीच राहिले, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलता बोलता सांगितलंय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

सुरुवात एका म्हणीपासून करू. शितावरून भाताची परीक्षा. आई एक शीत बोटांत दाबून बघते आणि गॅस बंद करते, अख्खं पातेलं कोणी चाखत नाही. पण ही म्हण खरी कधी ठरते? पातेल्यात सगळीकडे सारखाच भात असेल तेव्हा. समजा अर्ध्या पातेल्यात भात आहे, पाव पातेल्यात दगड आणि उरलेल्यात समुद्राचं पाणी. मग एका शितावरून काय कळणार?

आजची गोष्ट या पातेल्याची आहे. आकाशातून उपग्रह सांगतो की इथली माती इतकी ओली आहे. ते खरं की खोटं हे ठरवायला कुणीतरी खाली उतरून मातीला हात लावावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात हे मोजायचं काम उपग्रह जन्माला यायच्या आधीपासून चालू आहे. आणि रत्नागिरीत आलं की ते सगळ्यात अवघड होतं.

उपग्रहाला दिसतं तरी काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. उपग्रहाला ओलावा 'दिसत' नाही. जगातली प्रत्येक वस्तू थोड्याफार सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असते, मातीसुद्धा. कोरडी माती जास्त टाकते, ओली कमी. त्यामुळे सूक्ष्मलहरींच्या नजरेला ओली जमीन आहे त्यापेक्षा थंड वाटते. उपग्रहाच्या हातात येतो तो फक्त हा आकडा. त्यावरून ओलावा काढायचा म्हणजे हिशेब करावा लागतो: जमिनीचं खरं तापमान किती, वर झाडोरा किती, माती चिकण की रेताड, पृष्ठभाग गुळगुळीत की ढेकळांचा. यातलं एक जरी चुकलं तरी उत्तर चुकतं.

म्हणून उपग्रहाच्या उत्तराशेजारी ठेवायला जमिनीवरचं उत्तर लागतं. ते कसं काढतात? ऐकून हसाल इतकं साधं आहे. ऑगर, म्हणजे जमिनीत पिळत न्यायचं गिरमिट, त्याने माती काढायची. झाकणाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत भरायची आणि वजन करायचं. मग १०५ अंश सेल्सिअसला साधारण २४ तास ओव्हनमध्ये वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. ओली माती १५० ग्रॅम भरली, वाळल्यावर १२० ग्रॅम उरली, तर पाणी ३० ग्रॅम होतं. ३० भागिले १२०, म्हणजे ओलावा २५ टक्के. झालं! लाखो-कोटींचे सेन्सर आले तरी ते बरोबर चालतात की नाही हे तपासायला आजही शेवटी हीच डबी आणि हाच तराजू लागतो.

सिमला ऑफिसची गोष्ट

आता जरा मागे जाऊ. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे, बस तिथे थांबते. पुण्यात सिमला कुठून आलं? हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलं आणि नाव लोकांच्या तोंडी चिकटलं ते चिकटलंच.

त्याच वर्षी शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल आला. हवामान आणि पीक यांचा नीट अभ्यास व्हावा, असा सूर त्यातून पुढे आला आणि १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राची वेगळी शाखा निघाली. तिची धुरा होती एल. ए. रामदास यांच्याकडे. जन्म १९०० चा, पालघाटचा. सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात त्यांनी वेधशाळा उभी केली आणि जमिनीला लागून असलेल्या काही फुटांच्या थरात काय घडतं ते मोजायला लागले. मातीचं तापमान, बाष्पीभवन, ओलावा. काळ्या मातीवर खडूची पांढरी पूड पसरली तर खालची माती किती थंड राहते, असले प्रयोगही त्यांनी केले.

त्यातला एक शोध भन्नाट आहे. पुस्तकात लिहिलं होतं की निरभ्र, शांत रात्री सगळ्यात थंड असते ती जमीन. जसजसं वर जाल तसतशी हवा उबदार होते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावले, तर आकडे वेगळंच बोलायला लागले. सगळ्यात थंड हवा जमिनीला चिकटून नव्हती, एक-दोन फूट वर होती! हा निबंध १९३२ मध्ये छापला गेला. बऱ्याच जणांना वाटलं, तापमापक चुकले असणार. पुढे १९५७ मध्ये राश्के या जर्मन शास्त्रज्ञाचा पुण्यातल्याच उघड्या जमिनीवरच्या मोजमापांचा निबंध आला आणि रामदास बरोबर होते हे पक्कं झालं. त्यामागचं गणित रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं. या थराला आजही जगभर 'रामदास थर' म्हणतात.

ही गोष्ट मी मध्येच का सांगितली? कारण उपग्रहाच्या हिशेबात जमिनीचं खरं तापमान लागतं, हे आत्ताच बघितलं. ते पुस्तकातून गृहीत धरायचं की मोजायचं? रामदासांनी उत्तर देऊन ठेवलंय: आधी मोजा.

नारळ, हेलिकॉप्टर आणि भास्कर

पुण्यात १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली, तीच आजची आयआयटीएम. तिचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. हेही केरळचे, हेही रामन यांच्याबरोबर काम केलेले. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे इन्फ्रारेड फोटो काढले गेले. मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडं त्या फोटोंत वेगळी दिसत होती. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात इथून मोजतात. पण फोटोतला कुठला रंग म्हणजे रोगट माड, हे कळायला कुणीतरी बागेत जाऊन तो माड बघायलाच हवा. वरून बघणं आणि खाली जाऊन खात्री करणं, ही जोडी पहिल्या दिवसापासून आहे.

मग आला भास्कर-१. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून गेला. त्यावर 'समीर' नावाचा सूक्ष्मलहरींचा मापक होता, १९ आणि २२ गिगाहर्ट्झचा. समुद्र आणि हवेतली वाफ यांच्यासाठी तो चांगला. मातीसाठी या लहरी फार आखूड पडतात, पिकाच्या पानांतच अडकतात. मातीत थोडं आत डोकवायचं तर लांब लहरी हव्यात, वीसेक सेंटिमीटरच्या.

तशा लहरी टिपणारा युरोपचा स्मॉस उपग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये गेला, नासाचा स्मॅप ३१ जानेवारी २०१५ ला. स्मॅप पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. पहाटेची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण तेव्हा माती आणि झाडं यांचं तापमान जवळजवळ सारखं असतं आणि हिशेब सोपा होतो. स्मॅपचं उद्दिष्ट होतं की शंभर भाग मातीत चूक चार भागांपेक्षा जास्त नको. त्याचा रडार जुलै २०१५ मध्येच बंद पडला. उरला रेडिओमीटर, जो चांगला चालतो, पण त्याचा एकेक चौकोन साधारण ३६ किलोमीटर बाजूचा.

आता गणित करा. ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६ चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटर. म्हणजे मंडणगडपासून राजापूरपर्यंत अख्खा जिल्हा सहा-सात चौकोनांत संपला!

पातेल्यात समुद्र

आणि त्या एका चौकोनात काय काय येतं बघा. पश्चिमेला समुद्र. आत घुसलेल्या खाड्या. किनाऱ्याला माडा-पोफळीची आगरं. वर जांभ्याचा सडा, जिथे कातळावर बोटभर माती. उतारावर आंब्याची कलमं, त्यातली कित्येक कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून लावलेली. खाली पऱ्याकाठी भातखाचरं, वर वरकस जमीन, मग जंगल आणि सह्याद्री. समुद्र ते घाट हे अंतर सरासरी ६४ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोन चौकोनांतच एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला सह्याद्रीचा कडा.

विदर्भात किंवा मराठवाड्यात मैलोन्‌मैल एकसारखी काळी जमीन मिळते, तिथे शितावरून भाताची परीक्षा बऱ्यापैकी जमते. रत्नागिरीत चंपक मैदानासारख्या सड्यावर ऑगर लावा, दोन-चार इंचांत खणकन कातळावर आदळतो. तिथून उतरून खाचरात लावा, तर जुलैत चिखल आणि वर घोटाभर पाणी. दोन्ही ठिकाणं एकाच चौकोनात! शिवाय सडा स्वतः सोंगं बदलतो. मार्चमध्ये काळा, तापलेला, कोरडा. जुलैत त्यावर पाणी साचलेलं, गवत, रानफुलं. आणि चौकोनात थोडा जरी समुद्र शिरला तरी उपग्रहाला सगळंच ओलं वाटू लागतं.

मग एका डबीने कसं भागणार? प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर वेगळी मोजणी हवी: सड्यावर, कलमांत, खाचरात, जंगलात. प्रत्येकीचा त्या चौकोनातला वाटा किती, हे बघून सरासरी काढायची. आणि ते एकदा करून पुरत नाही, ऋतू बदलतील तसं पुन्हा पुन्हा. डबीची अडचण अशी की काढलेली माती गेली, तीच जागा पुन्हा मोजता येत नाही.

यावर एक सुंदर उपाय निघालाय. अवकाशातून सतत वैश्विक किरण पृथ्वीवर आदळतात, त्यातून वेगवान न्यूट्रॉन तयार होतात. पाण्यातला हायड्रोजन त्यांचा वेग मारतो. म्हणजे जमिनीवर वेगवान न्यूट्रॉन कमी मोजले गेले की माती ओली. २००८ पासून अमेरिकेत मारेक झ्रेडा यांनी ही पद्धत पुढे आणली. पुण्यात आयआयटीएमच्या आवारात असं यंत्र २०१७ मध्ये बसलं. एका खांबावरून ते आजूबाजूची साधारण वीस-तीस एकर जमीन मोजतं, न खणता. डबी आणि उपग्रहाचा चौकोन यांच्यामधली पायरीच म्हणा ना. आणि गंमत म्हणजे हे यंत्र जुळवून घ्यायला काय लागतं? आजूबाजूची माती काढून डबीत भरून वाळवायची! रामदासांच्या गावात पुन्हा तीच डबी.

पण हे यंत्र कोकणात आणून रोवलं की काम झालं असं नाही. माती जितकी ओली, तितकी त्याची नजर मंदावते. साचलेलं पाणी आणि दाट झाडी यांतला हायड्रोजनही ते मोजतं. कोकणासाठी त्याला कोकणातच शिकवावं लागेल.

एवढा खटाटोप कशासाठी?

२२ जुलै २०२१ आठवा. वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात घुसलं. त्याच दिवशी शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली.

पाऊस किती पडला हे आपण मोजतो आणि बातम्यांत ऐकतो. पण तोच २०० मिलिमीटर पाऊस जूनच्या सुरुवातीला तहानलेल्या मातीवर पडला तर बराचसा मुरतो. जुलैत तुडुंब भरलेल्या मातीवर पडला तर नदीत धावतो, किंवा उतारावरची माती सैल करतो. 'आज किती पडला' याच्या बरोबरीने 'माती आधीच किती भरली होती' हा प्रश्न विचारायला हवा. फक्त ओलाव्यावरून दरड सांगता येत नाही; उतार, खडक, तोडलेली झाडं, खणलेले रस्ते हे सगळं त्यात असतं. पण ओलाव्याचा आकडाच चुकीचा असेल तर पुढचा सगळा अंदाज चुकीचा. वर उपग्रह 'ठीक आहे' म्हणतोय आणि खाली वाडीमागचा डोंगर पाण्याने जड झालाय, हा फरक कुणी तपासायचा?

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्याच्या रडारची नजर कितीतरी बारीक आहे, आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. आता सडा वेगळा आणि खाचर वेगळं बघता येण्याची शक्यता आहे. पण नजर बारीक झाली की तपासणीही बारीक हवी. रडारच्या प्रतिध्वनीत जांभ्याचा खडबडीतपणा किती आणि ओलावा किती, हे सड्यावर जाऊन मोजल्याशिवाय सुटणार नाही. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत हवामान खात्याची वेधशाळा आहे, गावोगाव विज्ञान शिकणारी मुलं आहेत. ऑगर, डब्या, तराजू आणि ओव्हन यांना काही रॉकेट लागत नाही.

जाता जाता गृहपाठ. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. अंगणातली मूठभर माती, आणि शक्य असेल तर सड्यावरची मूठभर. दोन्हींचं वजन करा, जुन्या तव्यावर मंद आचेवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा, वरचा भागाकार करा. तवा आईला विचारून घ्या, नंतर मला बोलणी नकोत. दोन आकडे शेजारी ठेवा. एकाच गावातले ते दोन आकडे बघितले की उपग्रहापुढचं कोडं काय आहे, ते हाताला कळेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि पाऊस चढला तर उताराखाली थांबू नका. काळजी घ्या!