चिंताविकृतींची चाळणी
तक्रार नसतानाही प्रौढांना ठराविक प्रश्न विचारून चिंताविकृतीचा संभव हेरण्याची पद्धती. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने (१९८२) मानसोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याचे धोरण स्वीकारले. जालना जिल्ह्यात घरोघर विचारपूस सुरू होण्यास शेतकऱ्यांच्या आत्महत्या कारण झाल्या. मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये योजलेल्या प्रेरणा प्रकल्पात हे काम आशा स्वयंसेविकांकडे आले. त्याचा रोख मुख्यतः नैराश्यावर होता. चिंतेसाठी सात प्रश्नांची प्रश्नावली २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २१ पैकी १० वा अधिक गुण पुढील तपासणी सुचवितात. ते निदान नव्हे. कर्ज व अवर्षण यांची रास्त काळजी आणि विकृती यांतील भेद तज्ञासच करावा लागतो. उपचार हाताशी नसल्यास चाळणी निष्फळ ठरते.