पाळीव सापाचा चावा : एक कारणमीमांसा

पाळलेला साप मालकाला चावला की लोक दोनच गोष्टी बोलतात. ‘इतके दिवस खाऊपिऊ घातले, तरी उलटलाच’ ही एक, आणि ‘साप तो सापच, त्याचा काय भरवसा’ ही दुसरी. पहिल्या बोलण्यात साप कृतघ्न ठरतो. दुसऱ्यात त्याच्या वागण्याला काही कारण असू शकते हेच नाकारले जाते. प्रत्यक्षात चाव्यामागचे कारण बहुतेक वेळा शोधून काढता येते. ते सापडले की पुढचे चावे टळतात आणि सापाचे हालही थांबतात.

या विवेचनाची मर्यादा आधी सांगायला हवी. अमेरिका आणि युरोपात हौसेने पाळले जाणारे साप येथे विचारात घेतले आहेत : आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिका खंडातले कॉर्न स्नेक, किंगस्नेक व हॉगनोज. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार नाग, धामण, अजगर, मांडूळ असे देशी साप घरात ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत असलेल्या परदेशी जाती बाळगायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी सक्तीची आहे. मात्र आपल्या अंगणात निघालेला साप का चावतो हे समजून घ्यायलाही पुढचे बरेचसे विवेचन उपयोगी पडेल.

दोन चावे, दोन हेतू

साप दोन वेगळ्या कारणांसाठी चावतो आणि दोन्ही चावे दिसायलाही वेगळे असतात. बचावाच्या चाव्याआधी साप मान मागे ओढून तिला ‘एस’ अक्षरासारखा बाक देतो, फुत्कारतो. कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक शेपटीचे टोक थरथरवतात. मग झेप येते, दात टेकतात न टेकतात तोच तोंड मागे जाते. समोरच्याला दूर हटवणे एवढाच त्याचा हेतू असतो.

भक्ष्यासाठीचा चावा बहुधा गाजावाजा न करता येतो. मान स्थिर असते, डोके हालचालीच्या दिशेने वळलेले असते, जीभ सावकाश आत-बाहेर होत असते. झेप घेतल्यावर साप तोंड सोडत नाही आणि क्षणार्धात अंगाची वेटोळी हाताभोवती आवळतो. म्हणून चावा कसा होता, सोडला की धरून ठेवला, हे पाहूनच कारणाचा निम्मा उलगडा होतो.

दोन्ही झेपा विलक्षण वेगवान असतात. अमेरिकन संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत बिनविषारी रॅट स्नेकची झेप व्हायपर कुळातील विषारी सापांच्या तोडीची निघाली. माणसाची पापणी लवून उघडेपर्यंत ती पूर्ण होते. झेप सुरू झाल्यावर हात मागे घेऊ, हा भरवसा त्यामुळे व्यर्थ आहे. जे टाळायचे ते झेपेच्या आधीच टाळावे लागते.

हात भक्ष्य कसा ठरतो

साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः गंध, उष्णता आणि हालचाल यांवरून. जिभेच्या दुभंगलेल्या टोकांनी टिपलेले गंधकण टाळूवरच्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचतात. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खवल्यांत, विशेषतः वरच्या ओठाच्या पुढच्या भागात, उष्णता टिपणारे खळगे असतात. त्यांच्या चेतापेशींतील कोणते प्रथिन उष्णतेला प्रतिसाद देते, हे २०१० साली प्रयोगांतून दाखवले गेले. कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक यांना असे खळगे नसतात. त्यांची भिस्त गंध आणि नजर यांवर असते.

आता संध्याकाळची वेळ डोळ्यांसमोर आणा. मालकाने गोठवलेला उंदीर गरम पाण्यात ठेवून ऊबदार केला आहे. त्याचा वास खोलीभर आहे, बोटांनाही लागला आहे. पेटीचे झाकण उघडते आणि आतल्या हवेपेक्षा गरम, हलणारी, उंदराचा वास असलेली वस्तू वरून खाली येते. भक्ष्य म्हणून सापाला जे जे लागते ते सगळे त्या हातात आहे. अशा वेळी साप हातावर तुटून पडला, तर मिळालेल्या माहितीवरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. माहिती फसवी होती आणि ती मालकाने पुरवली होती.

पेटी फक्त अन्न देण्यापुरतीच उघडली जात असेल, तर हा धोका वाढतो. साप शिकू शकतात. झाकण उघडणे म्हणजे जेवण, हा संबंध ते सहज जोडतात. जातीनुसारही फरक पडतो. किंगस्नेक रानात इतर सापही खातो आणि खाण्याच्या बाबतीत तो अधाशी असतो. आक्रमक म्हणून त्याची जी ख्याती आहे, ती पुष्कळदा या अधाशीपणाचीच असते.

भीतीचा चावा

ससाणा, घुबड, मुंगूस हे सापाचे शत्रू त्याला बहुधा वरून पकडतात. वरून झडप घालणारा हात सापाला वेगळा वाटायचे कारण नाही. मानेमागे घट्ट धरणे तर त्याच्या लेखी शत्रूच्या तोंडात सापडण्यासारखेच.

तरीही चावा हा बहुतेक सापांचा शेवटचा उपाय असतो. बॉल पायथन आधी अंगाचा चेंडू करून डोके आत दडवतो. हॉगनोज मान फुगवतो, फुत्कारतो, अनेकदा तोंड मिटूनच टोला देतो आणि तरीही शत्रू हटला नाही तर उलटा पडून मेल्याचे सोंग घेतो. आपल्याकडचे मांडूळ डिवचले तरी क्वचितच चावते, धामण मात्र पकडली की सहसा चावल्याशिवाय राहत नाही. इशारे जातीगणिक वेगळे असतात आणि पुष्कळ चावे हे इशारे न वाचल्याचा परिणाम असतात. लहान पिल्ले अधिक चावतात, कारण त्यांच्या आकाराला जगातले जवळजवळ सगळेच शत्रू असतात.

सहनशक्ती कमी करणाऱ्या अवस्था

काल शांत असलेला साप आज का चावला, याचे उत्तर त्याच्या शरीरात शोधावे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकण्यापूर्वी काही दिवस तो दुधाळ निळसर होतो. अशा वेळी अंधुक दिसत असल्याने साधी हालचालही सापाला धोक्याची वाटते. तोंडाचा संसर्ग, अंगावरच्या गोचिडीसारख्या माइट, भाजल्याची जखम यांमुळे नुसता स्पर्शही वेदना देतो. अंड्यांना वेटोळे घालून बसलेली मादी पायथन त्यांच्या रक्षणासाठी चावते. पेटी फार गरम असेल, लपायला जागा नसेल, तर साप सतत तणावाखाली राहतो.

सवय म्हणजे माणसाळणे नव्हे

रशियन शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर सुरू केलेल्या प्रयोगात दर पिढीतले सर्वांत सौम्य प्राणीच पुढच्या पैदाशीसाठी निवडले गेले आणि काही पिढ्यांत कोल्हे माणसांशी कुत्र्यांसारखे वागू लागले. सापांच्या बाबतीत अशी निवड क्वचितच झाली आहे. बॉल पायथनची पैदास गेली काही दशके मुख्यतः रंग आणि नक्षी यांसाठी होते. म्हणून पाळलेला साप फार तर सरावतो : हा गंध, हा स्पर्श अपायकारक नाही एवढे तो शिकतो. साप डूख धरतो ही समजूत जशी निराधार, तशीच तो मालकावर माया करतो ही समजूतही. सराव परिस्थितीवर टिकून असतो. परिस्थिती बदलली की तो कोलमडतो.

आचरणाचे नियम

यावरून नियम आपोआप निघतात. अन्न लांब चिमट्यानेच द्यावे आणि पेटीत हात घालण्यापूर्वी तो साबणाने धुवावा. साप उचलायच्या आधी अंकुशाने किंवा कागदाच्या नळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे आता जेवण नाही हे त्याला कळते. हात बाजूने न्यावा, शरीराला मधोमध आधार द्यावा. खाल्ल्यावर निदान दोन दिवस आणि कात टाकेपर्यंत त्याला हाताळू नये. मोठे अजगर एकट्याने कधीच हाताळू नयेत. त्यांनी अनुभवी मालकांचेही जीव घेतले आहेत.

सापाने धरून ठेवले तर हात ओढू नये. त्याचे दात मागे वळलेले असल्याने ओढल्यावर मांस फाटते आणि सापाचेही दात मोडतात. थंड पाण्याची धार सोडली की तो बहुधा सोडतो. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे. हॉगनोजची लाळ सौम्य विषारी असते. तो चावून धरून राहिला तर सूज येते, म्हणून त्याला लवकर सोडवावे. खरोखरचा विषारी साप असेल, तर यातला एकही घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

साप वारंवार चावत असेल, तर एक वही ठेवावी. प्रत्येक चाव्यापुढे शेवटचे खाणे, कातेची अवस्था, पेटीचे तापमान, हात कोणत्या बाजूने गेला आणि साप चावून सुटला की धरून राहिला, हे लिहावे. थोड्याच नोंदींत बहुधा एकच कारण पुन्हा पुन्हा समोर येते आणि ते दूर करणे मालकाच्या हातात असते. सापाला पिंजऱ्यात आपण ठेवले, त्याचे पळून जाणे आपण बंद केले. म्हणून त्याच्यावर चावण्याची वेळ येऊ न देणे ही जबाबदारीही आपलीच. ती पेलायची ज्याची तयारी नसेल, त्याने साप पाळू नये.